ताटातील स्वातंत्र्य

गेल्या पावसाळ्यातील एका बुधवारची गोष्ट आहे. दिल्लीत मयूर विहारमधील आमच्या घरी मी रात्रीचा स्वयंपाक करीत होतो. पत्नीची कचेरी गुडगावला आहे. बुधवारी तिला घरी पोहोचायला साडेआठ-नऊ वाजतात, म्हणून त्या दिवशीची चूल माझ्याकडे असते. माझ्या हातून चारच पदार्थ बरे होतात. त्यांपैकी आमच्या मुलीच्या सर्वांत आवडीचा म्हणजे खिम्याचा पास्ता.

हा पदार्थ करायला फारशी विद्या लागत नाही. कढईत थोडे तेल, बारीक चिरलेला कांदा, सात-आठ पाकळ्या लसूण आणि एक तमालपत्र. त्यावर अर्धा किलो खिमा, पाणी आटून त्याला तपकिरी रंग येईपर्यंत परतायचा. मग चार-पाच लाल टोमॅटो किसून घालायचे, मीठ, मिरपूड आणि चिमूटभर चुरडलेला ओवा घालायचा, झाकण ठेवायचे आणि अर्धा-पाऊण तास मंद आचेवर विसरून जायचे. म्हशीच्या मांसात चरबी कमी असते. घाई केली तर खिमा कोरडा व रवाळ होतो, धीर धरला तर मऊ होतो. तोवर दुसऱ्या शेगडीवर मोठ्या पातेल्यात मिठाचे पाणी खळखळू लागते. त्यात पास्ता दहा-बारा मिनिटे शिजवायचा. त्यातले वाटीभर पाणी रश्श्यात ओतले की रस्सा पास्त्याला नीट धरतो. थकून आलेल्या माणसाला हे ताट पोटाला आणि मनालाही आधार देते. आमच्या लहानपणी हेच काम खिमा-पाव करीत असे.

त्या संध्याकाळी मुलीची एक मैत्रीण अभ्यासाला आली होती. दोघी अकरावीत आहेत. आठ वाजता पाऊस असा कोसळू लागला की खाली रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले. तिच्या आईचा दूरध्वनी आला, पाऊस थांबेपर्यंत तिला ठेवून घ्या, आम्ही गाडी घेऊन येऊ. मी म्हटले, अवश्य, ती इथेच जेवेल. दूरध्वनी ठेवला आणि मग माझ्या लक्षात आले की कढईत काय शिजत आहे.

मुलीची ही मैत्रीण शुद्ध शाकाहारी घरातली. ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाली की वास फार सुंदर येतो आहे, आज तिलाही चव पाहायची आहे, घराबाहेर ती कधीकधी कोंबडी खाते. माझी मुलगी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाबा, मटण आहे म्हणून सांगा ना. तिला काय कळणार आहे?"

वाचकहो, तिचे हे बोलणे माझ्या वर्मी लागले, कारण ही युक्ती ती माझ्याकडूनच शिकली होती. बाजारातून पिशवी घेऊन येताना लिफ्टमध्ये कोणी सहज विचारले तर "मटण आहे" असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. आमच्या घरी ते लबाडीत मोडतच नव्हते. तो शेजारधर्म होता, व्यवहार होता, दिल्लीत राहण्याची रीत होती.

मी त्या मुलीला खरे सांगितले. हा खिमा म्हशीचा आहे. तुझ्या आईला विचारल्यावाचून मी तुला तो वाढणार नाही. ती क्षणभर गप्प झाली, मग हसून म्हणाली की नको, तिला साधाच चालेल. मी दुसऱ्या कढईत लसूण-टोमॅटोचा रस्सा केला, घरात थोडे पनीर होते ते कुस्करून घातले आणि आम्ही चौघांनी तेच जेवण जेवले. खिमा झाकून ठेवला. तो दुसऱ्या दिवशी खाल्ला.

गाडी येऊन ती गेली. भांडी घासताना मुलीने विचारले, "बाबा, आज आपण खिमा खाल्ला नाही तो तिच्यासाठी, की तिच्या घरच्यांच्या भीतीने?"

मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

बाजार आणि कायदा

प्रश्नाची कायद्याची बाजू थोडक्यात सांगून बाजूला ठेवतो. दिल्लीत १९९४ च्या कायद्याने गाय, वासरू, वळू व बैल यांच्या हत्येस बंदी आहे आणि त्यांचे मांस बाळगणे हाही गुन्हा आहे. हत्येसाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेजारच्या उत्तर प्रदेशात व हरियाणातही असेच कायदे आहेत. महाराष्ट्रात १९७६ चा कायदा गाईपुरता होता. २०१५ च्या दुरुस्तीने तो बैल व वळू यांनाही लागू झाला. म्हैस व रेडा मात्र दिल्लीच्या कायद्यात येत नाहीत. गाझीपूरला महापालिकेच्या कत्तलखान्यात त्यांची रीतसर कत्तल होते आणि बोकडाच्या मटणाच्या निम्म्याहून कमी भावात ते मांस गरिबाच्या घरी पोहोचते. जगात म्हशीचे मांस निर्यात करणाऱ्या देशांत आपला देश अगदी पुढच्या रांगेत आहे.

घोटाळा होतो तो शब्दाने. इंग्रजीतला 'बीफ' हा शब्द आपल्याकडे गाईच्याही मांसाला लावतात आणि म्हशीच्याही. ऐकणाऱ्याच्या मनात गाय उभी राहते आणि बोलणाऱ्याच्या पिशवीत म्हैस असते. तेव्हा माझी कढई कायद्याने स्वच्छ होती. आणि जेथे कायदा मना करतो तेथे ख्रिस्ती मनुष्याने निमूटपणे कायदा पाळावा, याविषयी मला शंका नाही. रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायाने ते पुरेसे स्पष्ट केले आहे. पण कायदा कढईपाशी येऊन थांबतो. कढईच्या पलीकडे उभी असलेली सोळा वर्षांची मुलगी हा कायद्याचा प्रश्न नाही. तो सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न आहे.

करिंथ आणि अंत्युखिया

आपल्या मंडळ्यांत हा विषय निघाला की बहुधा एकच वचन पुढे केले जाते. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ८ व्या अध्यायात म्हटले आहे की आपल्या खाण्याने जर बंधूला अडखळण होत असेल तर आपण मांस कधीच खाणार नाही. एवढे वाचून आपण पुस्तक मिटतो. पण पौलाचा विचार तेथे संपत नाही.

करिंथ शहरात देवळांत बळी दिलेल्या पशूंचे मांस बाजारात विकावयास येत असे. ते ख्रिस्ती मनुष्याने खावे की नाही, हा वाद होता. पौलाचे उत्तर दुहेरी आहे. मूर्ती म्हणजे काहीच नाही, म्हणून मांस हे मांसच आहे. दहाव्या अध्यायात तर तो सांगतो की बाजारात जे विकते ते खुशाल खा, कोणी जेवायला बोलाविले तर पुढे वाढलेले खा, चौकशी करीत बसू नका. परंतु समोरच्याने सांगितले की हे नैवेद्याचे आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. येथे सगळे वजन त्या सांगणाऱ्या माणसावर आहे. मांस बदललेले नाही. पंक्तीत एक माणूस आहे, त्याच्या मनाला हे लागते आहे आणि ते आपल्याला कळले आहे, इतकेच बदलले आहे. प्रेमाची सुरुवात कळण्यापासून होते. आणि जर एकाने कळविणे ही प्रेमाची पहिली पायरी असेल, तर यजमानाने ताटात काय आहे ते लपविणे ही त्याच पायरीवरून मागे फिरणे आहे.

आता अंत्युखियाला जाऊ. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तोच पौल तेथील एक प्रसंग सांगतो. पेत्र हा परराष्ट्रीयांतून आलेल्या बांधवांबरोबर एका पंक्तीला जेवत असे. यापो येथे त्याला दर्शन झाले होते, कर्नेल्याच्या घरी तो गेला होता, देवाने शुद्ध केलेले अशुद्ध म्हणू नये हे त्याला इतर कोणाहून अधिक ठाऊक होते. पण याकोबाकडून काही मंडळी आली आणि तो हळूहळू पंक्तीतून उठू लागला. बर्णबासारखा माणूसही त्या ओघात वाहून गेला. पौलाने पेत्राला सर्वांसमोर अडविले आणि त्या वागण्याला ढोंग म्हटले. कारणही स्पष्ट सांगितले. पेत्र उठला तो प्रेमाने नव्हे, तर येणाऱ्या लोकांच्या भयाने.

ही दोन गावे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. दोन्हीकडे एक मनुष्य खाण्यापासून मागे सरतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही कृती सारख्याच दिसतील. करिंथमध्ये पौल त्या कृतीची शिकवण देतो आणि अंत्युखियात तिचाच निषेध करतो. ज्याने नुसते करिंथ वाचले तो प्रत्येक माघारीला त्याग म्हणेल. ज्याने नुसते अंत्युखिया वाचले तो प्रत्येक संयमाला भ्याडपणा म्हणेल. शुभवर्तमानाला दोन्ही पाने लागतात.

वाँटेजचे ताट आणि पंचहौदाचा चहा

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही ही दोन्ही पाने आहेत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्या भगिनीमंडळाच्या पाहुण्या होत्या, परक्या देशात होत्या, दुसऱ्यांच्या चुलीवर अवलंबून होत्या. तरी त्यांनी शाकाहार सोडला नाही. त्यांच्या आध्यात्मिक माता सिस्टर जेराल्डिन यांना हे खटकले. यात जातीचा जुना अभिमान शिल्लक आहे असा त्यांचा आक्षेप होता. रमाबाईंनी पत्रांतून अत्यंत मोकळेपणाने उत्तर दिले आणि आपला नेम कायम ठेवला. ख्रिस्ती होणे म्हणजे आपल्या लोकांच्या निरुपद्रवी चालीरीती टाकून देणे, हे त्यांना मान्य नव्हते.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. न खाणाऱ्यावर खाण्याची सक्ती करणे हाही स्वातंत्र्याचा भंगच आहे. पुष्कळदा आपल्या संमेलनांत कोणी नवशिष्य मांस खात नाही असे दिसले की आपण गालात हसतो, "अजून सुटले नाही वाटते" असे म्हणतो. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात पौल दोघांनाही बजावतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. या सूचनेचे पहिले अर्धे आपल्यासाठी आहे, हे आपण विसरतो.

दुसरा प्रसंग १८९० चा, पुण्याचा. पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित गृहस्थांना बोलाविण्यात आले आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावून कप बाजूला सारला. उपस्थितांची नावे पुढे वर्तमानपत्रात छापून आली आणि एक कप चहावरून पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे दोघेही त्या दिवशीच्या मंडळींत होते. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले तेव्हा सुधारकांनी त्यांना बोल लावला. आपल्यामुळे मित्रांना घरच्यांचा जाच सोसावा लागू नये, हा त्यांचा हेतू होता, असे रमाबाई रानडे यांच्या आठवणींतून दिसते.

रानड्यांचे ते प्रायश्चित्त करिंथचे की अंत्युखियाचे? मित्रांवरील प्रेमाने घेतलेले की लोकांच्या भयाने? शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्यावर एकमत झालेले नाही आणि ते साहजिक आहे. हेतू हा ताटावर लिहिलेला नसतो. म्हणूनच अशा बाबतींत दुसऱ्याचा न्याय करू नये. न्याय करायचा तो आपला.

आजीचे 'मटण'

आणि आपला न्याय करू लागलो तेव्हा मला भीती व प्रेम यांच्या जोडीला आणखी एक कारण सापडले. ते सांगणे मला सर्वांत अवघड जाते.

माझी आजी अहमदनगर जिल्ह्यातली. तिच्या आजोबांनी एकोणिसाव्या शतकातील मोठ्या दुष्काळानंतर प्रभूचा स्वीकार केला. रविवारी उपासनेहून आल्यावर आजी पितळेच्या पातेल्यात 'बड्याचे' शिजवीत असे. दोन आण्यांच्या मांसात सारे घर जेवत असे. पण पुण्यामुंबईकडचे पाहुणे आले, विशेषतः ज्यांचे पूर्वज वरच्या म्हटल्या गेलेल्या जातींतून ख्रिस्ती झाले होते असे कोणी आले, की आजी हलक्या आवाजात म्हणे, "मटण आहे हो." तेव्हा त्या गावात कोणाचे भय नव्हते. पाहुण्यांना अडखळण होईल असेही नव्हते. त्यांच्यापैकी कित्येक इंग्रजी हॉटेलात तेच मांस काट्या-चमच्याने खात असत. आजीला वाटत होती ती लाज. ताटावरून जात ओळखली जाते, ही लाज.

ही लाज आजीने निर्माण केलेली नव्हती. गावाने तिच्या पूर्वजांना मेलेली ढोरे ओढण्याचे काम दिले होते, त्यांचे मांस हाच मोबदला ठरविला होता आणि तेच खाल्ले म्हणून त्यांना हीन ठरविले होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मेलेल्या जनावराचे मांस न खाण्याचा निर्धार झाला. त्यामागे जनावराच्या पावित्र्याचा विचार नव्हता, तर माणसाच्या स्वाभिमानाचा होता. हाही न खाण्याचाच निर्णय होता. पण तो ताठ मानेने, उघडपणे आणि आपण होऊन घेतलेला होता. आजीचे 'मटण' तसे नव्हते. ती खात होती आणि लाजत होती.

प्रभूच्या मंडळीत ही लाज टिकून राहावी, हा आजीचा दोष नसून आपला आहे. प्रभुभोजनाच्या मेजाशी एका प्याल्यातून घेणारे आपण, घरच्या मेजाशी मात्र एकमेकांच्या पातेल्यांकडे पाहून वंशावळ मोजीत होतो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितले आहे की बाहेरून आत जाणारे काहीही माणसाला विटाळवीत नाही, आतून निघते ते विटाळविते. त्या शिकवणुकीप्रमाणे पाहिले तर आजीच्या पातेल्यात काहीच अशुद्ध नव्हते. पाहुण्यांच्या नजरेत मात्र होते.

लिफ्टमध्ये मी जेव्हा "मटण आहे" म्हणतो तेव्हा त्यात शेजाऱ्याचा विचार किती आणि आजीची लाज किती? मी मनापासून सांगतो, लाजेचा वाटा मोठा आहे.

भयाचे खरे रूप

भीतीविषयी लिहिताना मात्र हलके बोलता येणार नाही. २८ सप्टेंबर २०१५ च्या रात्री दादरीजवळच्या बिसाहडा गावात, गोमांसाच्या एका अफवेवरून जमाव एका घरात शिरला आणि त्याने मोहम्मद अखलाक यांना ठार मारले. त्यांचा मुलगा गंभीर जखमी झाला. ते गाव नोएडा ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात आहे. आमच्या घरापासून तिकडे जायला फार वेळ लागत नाही. त्यानंतर महिनाभरातच दिल्लीतील केरळ भवनाच्या उपाहारगृहात गोमांस वाढले जाते अशा तक्रारीवरून पोलीस तेथे पोहोचले. ते मांस म्हशीचे होते.

ज्या शहराने हे पाहिले आहे, तेथे कोणी पिशवी झाकून नेली तर त्याला भ्याड म्हणण्याचा अधिकार मला नाही. घरात लेकरे आहेत, म्हातारी माणसे आहेत. आणि ही भीती आपल्याहून अधिक आपल्या मुसलमान शेजाऱ्यांच्या वाट्याला आली आहे, हेही आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

म्हणून मी एक भेद करू इच्छितो. न सांगणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. आपल्या पिशवीत काय आहे ते प्रत्येकाला सांगण्यास कोणी बांधलेला नाही. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या कायद्यातील एक कलम रद्द केले. राज्याबाहेर कत्तल झालेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हाही त्या कलमाने गुन्हा ठरत होता. माणसाने आपल्या घरात काय खावे, हा त्याच्या खाजगी जीवनाचा भाग आहे, असा विचार त्या निर्णयामागे होता. तेव्हा लिफ्टमधल्या प्रश्नाला "बाजार करून आलो" एवढे उत्तर पुरेसे आहे. त्यात लबाडी नाही. मौन हा माणसाचा हक्क आहे. पण जो माझ्या मेजाशी बसला आहे, माझ्या हातचे तोंडात घालणार आहे, त्याच्यापाशी हा हक्क संपतो. त्याला खरे सांगणे हे माझे ऋण आहे.

समजा, त्या रात्री मी मुलीच्या सांगण्याप्रमाणे केले असते. ती जेवली असती, तिला आवडलेही असते. कदाचित कोणालाही कधी कळले नसते. तरी मी एका लेकराच्या सदसद्विवेकबुद्धीत तिच्या नकळत हात घातला असता. तिच्या घरी गाईला आणि म्हशीला काय मानतात, मांसाला काय मानतात, ते मी ठरविणे नव्हे. मला वाटते त्यात तथ्य नाही, म्हणून तिलाही तसेच वाटले पाहिजे, असा हट्ट धरणे म्हणजे सिस्टर जेराल्डिनची चूक पुन्हा करणे. आणि ती स्वतः चाखायला तयार असली तरी तिच्या आईने ज्या विश्वासाने "ठेवून घ्या" म्हटले तो विश्वास माझा नव्हता, त्या घरचा होता. स्वतःचे स्वातंत्र्य मी खर्च करू शकतो. दुसऱ्याच्या लेकराचे स्वातंत्र्य माझ्या हातून खर्च होऊ नये.

ओळखावे कसे?

भीती, लाज आणि प्रीती. तिन्हींच्या ताटात वाढलेले एकच दिसते. मग आपण आज कशामुळे मागे सरलो, हे ओळखावे कसे? त्या रात्रीपासून मी स्वतःला काही प्रश्न विचारू लागलो आहे. ते वाचकांपुढे ठेवतो.

मी खरे सांगितले का? प्रीतीला असत्याची गरज पडत नाही. मी ज्याच्यासाठी संयम करतो त्याला तो का करतो हे सांगता येत असेल, तर तो संयम बहुधा प्रीतीचा आहे. लाजेला आणि भीतीला मात्र एक खोटे नाव लागते.

माझ्यासमोर एक माणूस आहे की नुसते 'लोक'? पौल ज्या दुर्बळ बंधूविषयी लिहितो तो पंक्तीतला एक माणूस आहे, ज्याच्यासाठी ख्रिस्त मरण पावला. पेत्र ज्यांना भ्याला ते 'लोक' होते. प्रीतीला चेहरा असतो. भीतीपुढे गर्दी असते. त्या बुधवारी माझ्यासमोर मुलीची मैत्रीण होती, हे खरे. पण तिच्यामागे तिचे वडील, सोसायटीतील मंडळी आणि वर्तमानपत्रातील मथळेही उभे होते, हेही खरे. मुलीच्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही ते यामुळेच. दोन्ही होते. माणसाचे मन एकाच धाग्याचे नसते, आणि शुद्ध प्रीतीवाचून केलेली प्रत्येक कृती टाकाऊ असती तर आपल्यापैकी कोणाच्याच हातून काही चांगले झाले नसते. देव मिश्र हेतूंच्या माणसांकडूनही काम करून घेतो. फक्त आपण मिश्रणाला शुद्ध म्हणू नये.

आणि उद्या मी मोकळा आहे का? दुसऱ्या दिवशी तो खिमा आम्ही उपकारस्तुती करून खाल्ला. दार बंद केले नव्हते, वास कोंडला नव्हता. ज्याने एक दिवस प्रीतीने सोडले तो दुसऱ्या दिवशी कृतज्ञतेने घेऊ शकतो. ज्याने भीतीने सोडले तो दुसऱ्या दिवशीही दार लावूनच जेवतो. आणि ज्याला प्रीतीने कायमचे सोडावेसे वाटेल, त्यानेही रमाबाईंप्रमाणे आनंदाने सोडावे.

हे स्वातंत्र्य आपल्याला वादविवाद जिंकण्यासाठी दिलेले नाही. काही तरुण मित्र म्हणतात की आपला हक्क बजावण्यासाठी मुद्दाम चारचौघांत खाऊन दाखवावे. मला ते पटत नाही. शेजारच्या आजींना गाय माता वाटते, आणि ती भावना पिढ्यान्‌पिढ्या गाईच्या दुधावर वाढलेल्या घरातून आलेली आहे. तिला डिवचून माझे स्वातंत्र्य वाढत नाही. पण त्या आजींनी सरळ विचारले तर मी सरळ सांगेन, एवढे आता ठरविले आहे. शेजाऱ्याचा आदर करणे म्हणजे तो सत्य पेलू शकणार नाही असे गृहीत धरणे नव्हे. खोटे सांगून आपण त्याला लहान समजतो. खरे सांगून आपण त्याला शेजारी मानतो.

पंधरा दिवसांनी मुलीची मैत्रीण पुन्हा आली. येतानाच तिने सांगितले की त्या रात्रीचे सगळे तिने आईला सांगितले होते. आईने काय म्हटले ते मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. मात्र तिच्या हातात एक डबा होता, त्यात आईने केलेली कढी होती, आणि तो डबा रिकामा परत पाठवू नये ही आपली रीत म्हणून मी त्यात टोमॅटोचा रस्सा भरून दिला. डब्यावर झाकण लावण्यापूर्वी त्यात काय काय घातले आहे ते मी तिला एकेक करून सांगितले. लसूण होता, तोही सांगितला, कारण काही घरांत तोही चालत नाही.

मुलगी हे पाहत होती. त्या रात्रीच्या तिच्या प्रश्नाला मी अजून पूर्ण उत्तर दिलेले नाही. पण परवा बाजारातून येताना लिफ्टमध्ये कोणी पिशवीकडे पाहून विचारले, तेव्हा मी "मटण" म्हटले नाही. "बाजार करून आलो" म्हटले. घरात आल्यावर ती म्हणाली, "आज आजीचा शब्द आला नाही."

आपल्या प्रत्येकाच्या घरात असा एखादा जुना शब्द असेल. कोणाचा ताटाविषयी असेल, कोणाचा आडनावाविषयी, कोणाचा मूळ गावाविषयी. जेवणापूर्वी आपण डोळे मिटून अन्नाबद्दल देवाचे उपकार मानतो. ज्या अन्नाचे नाव शेजाऱ्यापुढे घेण्याची आपल्याला लाज वाटते त्याबद्दल देवाचे उपकार कसे मानावेत, हा विचार त्या वेळी क्षणभर करावा, आणि मग पहिला घास घ्यावा.